फोटोचा प्रवास : टपालाच्या थैलीपासून लिंकपर्यंत

कोल्हारहून तुमची सहयोगिनी बोलतेय.

फोटो काढायला आता आपल्या सगळ्यांनाच येतं. अडतं ते पुढे. पापडाच्या पाकिटावर छापायला किंवा प्रदर्शनाच्या बॅनरसाठी आपण फोटो पाठवतो, आणि छापणारा म्हणतो, "ताई, हा फुटतोय, ओरिजनल पाठवा." आपण पुन्हा तोच पाठवतो, आणि तो पुन्हा फुटतो. हे ओरिजनल म्हणजे काय आणि ते वाटेत कुठे हरवतं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

1839 साली पॅरिसमध्ये फोटोची कला जगाला सांगितली गेली. पुढच्या पंधरा वर्षांत ती मुंबईत रुजली. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. त्याच वर्षी देशभर एकसारखी टपाल तिकिटं सुरू झाली. मग पुढची शंभरेक वर्षं फोटो पाठवायचा म्हणजे कागदावर प्रत काढायची, पाकिटात घालायची आणि वाट पाहायची. मुलगी दाखवायचा फोटोसुद्धा आपल्याकडे असाच टपालाने जायचा.

डॉ. आनंदीबाई जोशींचा एक फोटो तुम्ही पाहिला असेल. ऑक्टोबर 1885 मध्ये तो अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजात काढला. आनंदीबाई, जपानची एक विद्यार्थिनी आणि सीरियाची एक विद्यार्थिनी, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. मार्च 1886 मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्या गेल्या, पण फोटो राहिला, कारण कुणीतरी तो जपला. आज तो फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तिथून त्याची नक्कल झाली म्हणून आपल्याला तो मोबाईलवर दिसतो.

आता फोटो लहान करून पाठवण्याची गोष्ट. 1870 साली पॅरिसला शत्रूच्या फौजेचा वेढा पडला आणि टपाल बंद झालं. तेव्हा रेने दाग्रों नावाच्या फोटोग्राफरने हजारो निरोपांचे अगदी बारीक फोटो काढले. ती हलकी फिल्म नळीत घालून कबुतराच्या शेपटीला बांधली. शहरात पोहोचल्यावर दिव्याच्या उजेडात भिंतीवर मोठी करून निरोप उतरवून घेतले. वाट अरुंद असेल तर सामान लहान करा, हीच युक्ती आजही चालते.

पण आज ती कशी चालते, हे कळायला आपली ठिपक्यांची रांगोळी आठवा. 1957 साली अमेरिकेत रसेल किर्श या इंजिनिअरने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो पहिल्यांदा संगणकात घातला. त्यात आडवे 176 आणि उभे 176, म्हणजे एकतीस हजारांच्या आत ठिपके होते. आपल्या साध्या मोबाईलच्या 12 मेगापिक्सेलच्या फोटोत एक कोटी वीस लाख ठिपके असतात. ठिपके वाढले तसा फोटो जड झाला.

हे ओझं कमी करण्याची मोठी युक्ती आपल्या देशात जन्मलेल्या माणसाने काढली. बंगळूरचे नासिर अहमद अमेरिकेत प्राध्यापक होते. 1972 साली त्यांनी या कामासाठी निधी मागितला, तो नाकारला गेला. तरी त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसोबत 1974 साली ते गणित प्रसिद्ध केलं. 1992 साली ठरलेली जेपीईजी पद्धत त्याच गणितावर उभी आहे. जे बारकावे डोळ्याला सहसा जाणवत नाहीत, ते ती टाकून देते. म्हणून फाइल हलकी होते. पण टाकलेलं परत येत नाही. चिपाडाचा पुन्हा ऊस होतो का? तसंच हे.

त्याच 1992 साली ईमेलला फोटो जोडून पाठवायची रीत बसली. 1997 साली कॅलिफोर्नियात फिलीप कान यांनी दवाखान्यातून आपल्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा फोटो मोबाईलला कॅमेरा जोडून दोन हजारांवर लोकांना पाठवला. म्हणजे संगणकातला पहिला फोटो बाळाचा, आणि मोबाईलवरून सगळ्यांना गेलेला हा फोटोही बाळाचाच!

आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं 15 ऑगस्ट 1995 रोजी. टेलिफोनच्या तारेवरून आजचा 4 एमबीचा एक फोटो पाठवायचा म्हटला असता, तर चांगल्या मोडेमवरही दहाएक मिनिटं लागली असती. फ्लॉपीत 1.44 एमबी मावायचं, म्हणजे एका फोटोला तीन फ्लॉप्या! पुढे मेमरी कार्ड, ब्लूटूथ आलं. शेअरइट आणि झेंडर गावोगाव चालायचे, पण जून 2020 मध्ये सरकारने ते बंद केले. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि व्हॉट्सअॅप घरोघरी पोहोचलं.

फोटो फुटतो तो इथे. साधा पाठवला की व्हॉट्सअॅप त्याला दाबून लहान करतं. लांबीत साधारण 1600 ठिपके उरतात. मोबाईलवर तो छानच दिसतो. पण सहा फुटी बॅनरवर ताणला, तर एका इंचाला जेमतेम 22 ठिपके येतात. चांगल्या छपाईला इंचाला 300 लागतात. मग पापडाचं पाकीट ओळखू येणार कसं आणि गिऱ्हाईक हात लावणार कसं?

यावर उपाय सोपे आहेत. व्हॉट्सअॅपवर पिनेच्या चिन्हावर दाबून 'गॅलरी'ऐवजी 'डॉक्युमेंट' निवडा. फोटो आहे तसाच जातो, 2 जीबीपर्यंतची फाइल चालते. जीमेलने 25 एमबीपर्यंत जोडता येतं. पन्नास-शंभर फोटो असतील तर ते गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये चढवा आणि लिंक पाठवा. तिथे 15 जीबी जागा फुकट मिळते. समोरचा माणूस जवळच असेल तर क्विक शेअर किंवा पेन ड्राइव्ह बरा, डेटाही लागत नाही.

लिंक देताना मात्र सांभाळा. 'लिंक असलेल्या कुणालाही' असं ठेवलं, तर ती ज्याच्या हाती पडेल तो आपल्या बायकांचे फोटो पाहील. त्यापेक्षा ठरावीक माणसाचा ईमेल घालून परवानगी द्या आणि काम झालं की काढून घ्या. आधार, पासबुकाचे फोटो त्या फोल्डरमध्ये नकोत. फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन करा.

शेवटी मला महत्त्वाचं वाटतं ते सांगते. आपल्या आज्यांचे फोटो आपल्याकडे किती आहेत? बहुतेकींकडे एकही नाही. आपल्या गटाची पहिली बैठक, पहिलं कर्ज फेडल्याचा दिवस, पहिला स्टॉल यांचे फोटो आहेत, पण ते कुणाच्या तरी जुन्या मोबाईलमध्ये. मोबाईल बिघडला की ते गेले. ग्रुपवर उरलेली प्रत दाबलेली. प्रोसिडिंग वही आपण कपाटात जपतो, तसे मूळ फोटोही जपले पाहिजेत. दोन ठिकाणी ठेवा, एक ड्राइव्हवर आणि एक पेन ड्राइव्हवर. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि प्रसंग लिहा. कोण कोण आहे, ते वहीत नोंदवा.

या महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने आपल्या मोबाईलमधला गटाचा एक जुना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून सचिव ताईंना पाठवायचा. एवढं करून पाहा, आणि जमलं की आपल्या रेडिओला कळवा.