सुलतानाचा चषक, पण 'सुलतानी' नाही

मराठीत 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द आपण सहज वापरतो. अस्मानी म्हणजे दुष्काळ, गारपीट, अवकाळी पाऊस. सुलतानी म्हणजे राजाची किंवा सरकारची मनमानी. या शब्दामागे रयतेने सोसलेला इतिहास आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शब्द रूढ झाला की 'सुलतान' म्हणताच लहरी सत्ताधीशच डोळ्यांसमोर उभा राहतो. अशा वेळी मला मलेशियातली एक हॉकी स्पर्धा आठवते. तिचे नाव सुलतान अझलान शाह चषक.

ही स्पर्धा १९८३ साली सुरू झाली. आधी ती साधारणपणे दोन वर्षांतून एकदा होई, १९९८पासून जवळपास दरवर्षी होऊ लागली. तिचे मुख्य ठिकाण इपोह. पेराक राज्याची ही राजधानी एके काळी कथिलाच्या खाणींसाठी प्रसिद्ध होती. मलय, चिनी आणि तमिळ अशी मिश्र वस्ती असलेले हे शहर.

ज्यांच्या नावाने हा चषक दिला जातो, ते अझलान शाह मुळात कायद्याचे माणूस. त्यांनी इंग्लंडमध्ये वकिलीचे शिक्षण घेतले, मायदेशी न्यायाधीश झाले आणि १९८२मध्ये देशाच्या न्यायव्यवस्थेच्या सर्वोच्च पदावर पोहोचले. १९८४मध्ये ते पेराकच्या गादीवर आले. मलेशियात नऊ राज्यांच्या राजघराण्यांतून पाच वर्षांसाठी एक राजा निवडला जातो. त्या पद्धतीने १९८९ ते १९९४ या काळात ते देशाचे राजे होते. मुदत संपली आणि ते पायउतार झाले.

न्यायाधीश असताना त्यांनी १९७९मध्ये दिलेला एक निकाल मलेशियात आजही सांगितला जातो. एका कंपनीने आपल्या जमिनीच्या विकासासाठी परवानगी मागितली. सरकारी खात्याने अट घातली, की कायमची मालकी सोडा आणि तीच जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्या. खात्याचे म्हणणे असे, की परवानगी देणे न देणे आमच्या मर्जीवर आहे. न्यायालयाने ते मान्य केले नाही. कायद्याने दिलेल्या प्रत्येक अधिकाराला कायद्याचीच मर्यादा असते, अमर्याद मर्जी म्हणजे हुकूमशाही, असा त्या निकालाचा आशय आहे. 'सुलतानी' म्हणजे काय आणि ती का नको, हे एका भावी सुलतानानेच लिहून ठेवले!

आता मैदानाकडे वळू. ही निमंत्रितांची स्पर्धा आहे. विश्वचषकासारखी पात्रता फेरी इथे नसते. कोणाला बोलवायचे, हे यजमान ठरवतो. त्यामुळे यजमानाच्या मनात आले असते, तर बेताचे संघ बोलावून चषक घरातच ठेवता आला असता. मलेशियाने तसे केले नाही. ऑस्ट्रेलिया, जर्मनी, नेदरलँड्स, भारत, पाकिस्तान, दक्षिण कोरिया असे आपल्याहून बलवान संघ बोलावले आणि त्यांच्याकडून हार पत्करली. पहिला चषक ऑस्ट्रेलियाने नेला आणि पुढे एकूण दहा वेळा जिंकला. पाकिस्तानने १९९९, २००० आणि २००३मध्ये बाजी मारली. भारताच्या नावावर १९८५, १९९१, १९९५, २००९ आणि २०१० ही वर्षे आहेत.

मलेशिया १९८५, २००७, २००९, २०१३ आणि २०१४मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि पाचही वेळा हरला. त्यातल्या दोन पराभवांत समोर भारत होता. मार्च २०१४मध्ये तर ऑस्ट्रेलियाने ८–३ असा धुव्वा उडवला. त्याच वर्षी २८ मे रोजी अझलान शाह यांचे निधन झाले. आपल्या नावाचा चषक आपल्या देशाच्या हातात त्यांना कधीच पाहायला मिळाला नाही.

या स्पर्धेने अस्मानीही पाहिली. २०१०मध्ये भारत आणि दक्षिण कोरिया यांचा अंतिम सामना पावसाने पूर्ण होऊ दिला नाही आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवले गेले. अस्मानीपुढे इलाज नव्हता. सुलतानी मात्र यजमानाच्या हातात होती, आणि ती त्याने वापरली नाही.

अखेर नोव्हेंबर २०२२मध्ये इपोहच्याच मैदानावर मलेशियाने दक्षिण कोरियाला ३–२ असे हरवून पहिल्यांदा हा चषक जिंकला. मध्ये ३९ वर्षे गेली होती.

राजघराण्याचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. राजेशाहीचे प्रश्न मलेशियातही आहेत. आपल्याकडे मात्र इतिहासातल्या सुलतानांवरून आजही वाद पेटतात. एक बाजू प्रत्येक सुलतानाला जुलमी ठरवते, दुसरी प्रत्येकाला न्यायी. दोघेही नाव बघतात, कारभार बघत नाहीत. खरे तर सत्ता कोणाचीही असो, तिला विचारायचा प्रश्न एकच आहे. नियम तुम्ही केलेत, मैदान तुमचे आहे. पण तुम्ही स्वतः त्या नियमांनी हरायला तयार आहात का? जो तयार नाही त्याचा कारभार सुलतानीच, मग तो मुकुट घालो वा टोपी.