आचारी, आचार्य आणि आडवा र

पन्हाळ्यावरून दिसतात त्या दऱ्या आणि कोकणात उतरल्यावर भेटतो तो दर्या. अक्षरे तीच, पण ‘दर्या’त र डोक्यावर रफार होऊन बसतो, ‘दऱ्यां’त तो य-च्या पुढ्यात भुवईसारखा आडवा होतो. हिंदीला हा आडवा र लागत नाही. मराठीचे त्यावाचून अडते.

संगणकाला आकृती कळत नाही, आकडा कळतो. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत नागरी अक्षरांना क्रमांक मिळाले. र-ला मिळाला २३५२. आडव्या र-ला मात्र स्वतःचे घर मिळाले नाही. द्राविडी भाषांतला कठोर र नागरीत लिहिण्यासाठी खाली टिंब दिलेला ऱ होता, क्रमांक २३५३. आपला र त्याच्याच ओसरीवर राहिला. ऱ, हलन्त आणि य हे आकडे ओळीने आले, की पडद्यावर ऱ्य उमटतो. साधा र, हलन्त आणि पुढे एक अदृश्य सांधा, ही दुसरी रीतही चालते. म्हणून दिसायला एकच असलेला शब्द यंत्राच्या पोटात दोन तऱ्हांनी साठतो, आणि शोधू जाता एक सापडतो, दुसरा निसटतो.

एका वर्षी आमच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत ‘आचाऱ्यांचा सत्कार’ याऐवजी ‘आचार्यांचा सत्कार’ छापून आले. मुले हसली. वीस वर्षे आमच्या पंगती सांभाळणारे मामा मात्र पत्रिका हाती धरून म्हणाले, “गुरुजी, नाव चुकलं तर चालंल, हुद्दा तरी माझाच ऱ्हाऊ द्या की!”

तेव्हापासून ती रेघ मी मुलांकडून दोनदा गिरवून घेतो.