'औरत' ते 'मदर इंडिया'

गाजलेला चित्रपट पुन्हा काढणे म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असा आपला सर्वसाधारण समज. मेहबूब खान यांनी तो खोटा ठरविला. १९४० साली त्यांनी 'औरत' काढला. सावकारी पाशात पिचलेली राधा सरदार अख्तर यांनी रंगविली. १९५७ साली तीच कथा 'मदर इंडिया' होऊन पुन्हा पडद्यावर आली. छायालेखक फरेदून इराणी तेच, सुखीलाला सावकार झालेले कन्हैयालालही तेच; राधा मात्र नर्गिस.

मधल्या सतरा वर्षांत देश स्वतंत्र झाला होता. म्हणूनच नव्या चित्रपटात वृद्ध राधेच्या हस्ते कालव्याचे उद्घाटन होते आणि त्या क्षणी तिला गतायुष्य आठवते. गावच्या लेकीची अब्रू राखण्यासाठी तिने पोटच्या बिरजूवर गोळी झाडलेली असते. अखेरीस कालव्याचे पाणी लाल दिसू लागते. शेताला मिळणाऱ्या या पाण्याचे मोल एका आईने काय देऊन चुकविले, हे तिथे एकही शब्द न बोलता कळते.

ऑस्करचे नामांकन मिळालेला हा पहिला भारतीय चित्रपट. आम्हांस मात्र त्याची थोरवी त्या लाल पाण्यात दिसते. 'औरत'मधील एका घराचे दुःख येथे साऱ्या देशाचे झाले.