साताऱ्याचे पाणी: जड, हलके आणि चांगले

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला पाणी प्रथम भेटते ते अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त. तिथे पाण्याचे लक्षण एकच सांगितले आहे: थंड स्पर्श. पाणी ऊन लागले तर ती ऊब तेजाची, पाण्याची नव्हे. आता आपण घरोघरी म्हणतो, 'आमच्याकडचं पाणी फार जड आहे.' हा जडपणा कोणत्या इंद्रियाला कळतो? हाताला कळत नाही, डोळ्याला तर नाहीच. तो कळतो साबणाला फेस येत नाही तेव्हा, तूरडाळ शिजता शिजत नाही तेव्हा, आणि पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो तेव्हा. म्हणजे जडपणा पाण्याच्या एकट्याच्या अंगी दिसत नाही. दुसऱ्या वस्तूशी गाठ पडली की दिसतो.

ही गोष्ट मोजमापाच्या इतिहासातही उतरली आहे. स्कॉटलंडमधल्या ऍबर्डीनला थॉमस क्लार्क नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी 1841 मध्ये पाणी हलके करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. रीत गमतीची आहे: पाण्यात चुना घालायचा आणि चुन्यानेच चुना खाली बसवायचा. जडपणा मोजायलाही त्यांनी साबणच वापरला. बाटलीत पाणी घ्यायचे, साबणाचे द्रावण थोडे थोडे घालून हलवायचे, फेस टिकेपर्यंत किती लागले ते पाहायचे. त्यांच्या नावाचा एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे 14.3 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. धोब्याचे ज्ञान प्रयोगशाळेत गेले, ते असे.

आता साताऱ्याकडे येऊ. या एका गावाला दोन स्वभावांचे पाणी माहीत आहे. पहिले पश्चिमेच्या डोंगरावरचे. यवतेश्वराच्या बाजूने पाणी शहरात आणण्याची व्यवस्था छत्रपतींच्या काळापासूनची. पुढे इंग्रजी अमलात कासच्या तलावाचे पाणी आले, तेही उताराने, पंपाशिवाय. कासचे पठार जांभ्याचे. हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने त्या दगडातले कॅल्शियम-मॅग्नेशियम केव्हाच धुऊन नेले, मागे उरले लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणून तिथले पाणी हलके. दुसरे पाणी सखल भागातल्या विहिरींचे आणि बोअरचे. तिथे काळा पाषाण, वर काळी माती, मातीत चुनखडीचे खडे. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरते, दगडातले क्षार विरघळवते आणि जड होते. यातला बायकार्बोनेटचा जडपणा उकळल्यावर खाली बसतो. सल्फेट-क्लोराइडचा बसत नाही.

मग हलके ते चांगले, असे म्हणायचे का? इथे जरा थांबायला हवे. ग्लासगो शहराने 1859 मध्ये कॅट्रिन सरोवराचे पाणी आणले, अत्यंत हलके. साबण वाचला. पण घरातले नळ शिशाचे होते आणि तेच हलके पाणी शिसे विरघळवून पोटात नेत होते. जड पाण्याने नळाला आतून थर धरला असता, तर थोडे संरक्षण तरी मिळाले असते. आपल्याकडच्या आयएस 10500 या मानकात एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सूट. जागतिक आरोग्य संघटनेने तर आरोग्याच्या कारणासाठी जडपणाला मर्यादा घातलेलीच नाही. पण आज विक्रेता दारात येतो, टीडीएसचे मीटर पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि आपण घाबरतो. ते मीटर विद्युतवाहकता पाहून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. कॉलऱ्याचा जंतू त्याला दिसत नाही. फुटलेल्या नळात शेजारच्या गटाराचे पाणी शिरले, तरी आकडा देखणा राहू शकतो.

आणि एक प्रश्न कोणत्याच मीटरवर येत नाही. 1901 मध्ये साताऱ्यात राहणारा एक मुलगा भावंडांबरोबर वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाला. मसूर स्टेशनपासून बैलगाडीचा प्रवास, बरोबर शिदोरी होती. प्यायला पाणी मिळेना, कारण जात आड आली. जे पाणी दाखवले गेले ते गुरांच्या शेणामुताने घाण झालेले डबके होते. पोरे उपाशी झोपली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. त्या रात्री विहिरीचे पाणी जड होते की हलके, हे विचारण्याची पाळीच आली नाही. त्याआधी 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. त्यांचे मूळ गाव कटगुण, याच जिल्ह्यातले. त्यांनी हौदातल्या पाण्याचे रसायन बदलले नाही, तरी त्या दिवसापासून ते पाणी अधिक चांगले झाले, असे आम्ही म्हणतो आणि ते अलंकार म्हणून म्हणत नाही.

तेव्हा प्रश्नांचा क्रम लावू या. पाणी सगळ्यांना पोचते का? ते निर्जंतुक आहे का? त्यात फ्लोराइड, नायट्रेट, शिसे यांसारखे अपायकारक काही आहे का? आणि त्यानंतर डाळ शिजते का? आज आपण शेवटचा प्रश्न पहिला विचारतो, घरापुरते यंत्र बसवतो आणि गावाच्या नळाची चौकशी सोडून देतो. ज्यांना यंत्र परवडते त्यांनीच चौकशी सोडली, तर ज्यांना परवडत नाही त्यांचे कोण ऐकणार? पाण्याच्या तपासणीचा अहवाल दर महिन्याला वॉर्डातल्या फलकावर लावा, एवढी मागणी आपण सगळे मिळून करू शकतो. तिला खर्च फार नाही. मात्र लावलेला कागद वाचायला आपल्याला जावे लागेल.