अमेरिकन पडद्यावरील इंग्लंड

कलाकृतीचे राष्ट्रीयत्व तिच्या भांडवलावरून ठरवू गेल्यास कशी फसगत होते, हे हॉलिवुडच्या जुन्या बोलपटांत चांगले दिसते. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ (१९३५), ‘वदरिंग हाइट्स’ (१९३९), ‘रिबेका’ (१९४०) हे तिन्ही चित्रपट अमेरिकन पैशाने कॅलिफोर्नियात निर्माण झाले. तरी प्रेक्षकाच्या स्मरणात ते इंग्लंडचेच म्हणून राहतात.

याचे पहिले कारण वाणी. मूकपटात नटाचा देश कळत नसे; बोलपट आला आणि तो ऐकू येऊ लागला. रंगभूमीवर घडलेल्या आवाजांची गरज पडताच लंडनच्या नाट्यगृहांतील नटांचा ओघ हॉलिवुडकडे वळला. सी. ऑब्री स्मिथ हा त्यांतला जणू कुलपुरुष. १८८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे नेतृत्व केलेल्या या गृहस्थाने १९३२ मध्ये हॉलिवुडात क्रिकेट क्लब काढला, आणि पडद्यावर कर्नल वा उमराव म्हणून तो वर्षानुवर्षे वावरला.

कथाही इंग्रजीच. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’च्या रूपांतरासाठी कादंबरीकार ह्यू वॉल्पोल याला पाचारण केले गेले. ‘रिबेका’चा निर्माता सेल्झनिक तर मूळ कादंबरीशी इमान राखण्याविषयी दिग्दर्शक हिचकॉकपेक्षाही हट्टी होता. भाषांतरकाराला हा हट्ट ओळखीचा वाटेल: परका माणूस मुळाला अधिक जपतो, आणि जपता जपता त्याला थोडे गुळगुळीतही करतो. ‘वदरिंग हाइट्स’मधून पुढच्या पिढीची सारी कथा गळाली, उरले ते प्रेम आणि माळरान. व्यवहाराचा भागही होताच. ब्रिटन ही हॉलिवुडची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ होती.

परंतु स्वर उचलला की त्याबरोबर दृष्टीही येते, आणि ती नेहमीच निरुपद्रवी नसते. १९३९ चा ‘गंगा दिन’ घ्या. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स कॅलिफोर्नियाचा, गंगा दिन झालेला सॅम जॅफे न्यूयॉर्कचा, आणि वायव्य सरहद्दीचे डोंगर म्हणून दिसतात ते लोन पाइन गावाजवळचे. इंग्लंडचे त्यात किप्लिंगची कविता आणि कॅरी ग्रँट, व्हिक्टर मॅक्लॅग्लेन यांच्यासारखे नट. तेवढ्यावर साम्राज्याचा असा निःशंक गौरव उभा राहिला की खुद्द इंग्रज निर्मात्यालाही तो साधणे कठीण. ज्या राष्ट्राचा जन्मच ब्रिटिश राजसत्ता झुगारून झाला, त्याने तो करावा यातला विरोध हॉलिवुडला जाणवलेला दिसत नाही. भारतीय प्रेक्षकाला मात्र तो स्वर कोणाचा, हे सांगावे लागले नाही. गोऱ्या पलटणीसाठी बिगूल फुंकून प्राण देणारा पाणक्या हा आदर्श म्हणून समोर ठेवला जात होता, तोही स्वातंत्र्याची चळवळ ऐन भरात असताना. मुंबई आणि बंगाल या प्रांतांत चित्रपटावर बंदी आली. भांडवल अमेरिकन असल्याची सबब तेथे उपयोगी पडली नाही.