छातीवरचा बिल्ला आणि तंत्रज्ञाची बोटे

क्ष-किरण विभागातील कर्मचाऱ्यांनी किरणोत्सार मोजणारा बिल्ला छातीवर लावण्याची पद्धत देशात रुळली होती. मात्र त्या बिल्ल्याची खरी कसोटी मुंबईत परळला लागली, कारण क्ष-किरण यंत्र बंद करता येते, किरणोत्सारी औषध बंद करता येत नाही.

ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा आस्थापनेने (पुढे हेच भाभा अणुसंशोधन केंद्र झाले) १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले. किरणोत्सारी समस्थानिक शरीरात सोडून निदान किंवा उपचार करणाऱ्या या शाखेत, म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, उत्सर्जनाचा उगम आधी कुपीत, मग सिरिंजमध्ये आणि शेवटी रुग्णातच असतो. त्यामुळे शिशाच्या भिंतीआड उभे राहून सगळे काम उरकत नाही.

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ) अवघे सहा तास असल्याने, सुमारे ६६ तास अर्धायुष्याचे मॉलिब्डेनम-९९ रुग्णालयात आणून त्यातून ते गरजेप्रमाणे काढून घेतात. या साधनाला जगभर ‘गाय’ म्हणतात. परदेशी बनावटीच्या गायीचे दूध मिनिटांत निघे. भारतात मात्र कमी सांद्रतेच्या देशी मॉलिब्डेनमपासून मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकाने टेक्नेशियम वेगळे करण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. ती स्वस्त व स्वावलंबी होती खरी, पण तिची किंमत तंत्रज्ञाने वेळेत आणि हातांना मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेत चुकती केली.

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून बिल्ल्यातील फिल्मच्या जागी डिस्प्रोशियममिश्रित कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या आल्या. तापवल्यावर त्या शोषलेल्या मात्रेच्या प्रमाणात प्रकाश देतात. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाच्या १९९० च्या शिफारशींनंतर कर्मचाऱ्यांसाठीची वार्षिक मर्यादा ५० वरून पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसीव्हर्टवर (किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) आली, तर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय अणुऊर्जा नियामक मंडळाने कोणत्याही एका वर्षासाठी ३० चीच मुभा ठेवली, जी आयोगाच्या एका वर्षासाठीच्या ५० पेक्षा कडक आहे.

तरीही बिल्ला संरक्षण करीत नाही, केवळ हिशेब ठेवतो, आणि तोही छातीचा. सिरिंज धरणाऱ्या बोटांच्या टोकांना मिळणारी मात्रा त्यात दिसत नाही. हातांसाठी वर्षाला ५०० मिलिसीव्हर्टची मर्यादा स्वतंत्र आहे आणि ही मात्रा मोजायला बोटात वेगळी अंगठी घालावी लागते.