मुरारचा विद्यार्थी

महाराष्ट्रातील वाचकांस मुरार हे नाव बहुधा रणधुमाळीमुळेच ठाऊक असते. १४ जून १८५७ रोजी ग्वाल्हेर कंटिंजंटने येथेच बंडाचा झेंडा उभारला. पुढील वर्षी १६ जूनला सर ह्यू रोज याने ही छावणी घेतली आणि त्यानंतर दोन दिवसांच्या आतच राणी लक्ष्मीबाई जवळच्या रणात धारातीर्थी पडल्या. परंतु फौज गेल्यावर या गावी कोण राहू लागले, कोण शिकू लागले, याची विचारपूस इतिहासकार क्वचितच करतात. तेवढीच येथे करण्याचा आमचा मानस आहे.

दौलतराव शिंद्यांचा तळ पडला तेथे लष्कर वसले. महाराजपूर व पनिहार येथे शिंद्यांचा पराभव झाल्यावर इंग्रजांच्या छावणीभोवती मुरार वसले. म्हणजे दोन्ही गावे मूळची फौजेचीच. इ. स. १८८६ मध्ये झांशीच्या मोबदल्यात किल्ल्यासह मुरार शिंद्यांकडे परत आले. मात्र दरबार लष्करात, व्यापार लष्करात, आणि कॉलेजही लष्करातच. व्हिक्टोरिया कॉलेजच्या इमारतीचे उद्घाटन इ. स. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते झाले. मुरारच्या मुलास मॅट्रिकनंतर रोज लष्करचा रस्ता धरणे प्राप्त होते.

पण अंतर केवळ त्या रस्त्याचेच नव्हते. कॉलेज लष्करात असले तरी परीक्षा परक्या गावच्या होत्या. आधी अलाहाबाद, इ. स. १९२७ पासून आग्रा आणि १९५७ पासून उज्जैनचे विक्रम विद्यापीठ, अशी पदवीची दारे बदलत गेली. परीक्षेची भाषा दीर्घकाळ इंग्रजी, रस्त्यावरची हिंदी आणि घरची मराठी, अशा तीन भाषांचे ओझे येथील मराठी विद्यार्थी वाही. ते त्याने ओझे मानले नाही, हे विशेष होय.

याचे कारण असे की, त्या काळी मराठी ही येथे केवळ स्वयंपाकघरातली भाषा नव्हती, ती विद्येचीही भाषा होती. इ. स. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांनी पंडित भातखंडे यांच्या साहाय्याने माधव संगीत विद्यालय स्थापिले. भातखंड्यांची क्रमिक पुस्तके मूळ मराठीत होती. गाणे शिकावयाचे तर मराठी वाचता आलेलेच बरे. राजकवी तांबे याच नगरीत राहत होते व इ. स. १९४१ मध्ये येथेच निवर्तले. साहित्य संमेलनही येथे दोनदा भरले : इ. स. १९२८ मध्ये लोकनायक अणे आणि १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे अध्यक्षस्थानी होत्या. अशा वातावरणात हिंदी घरातले विद्यार्थीही मराठी शिकत. व्हिक्टोरिया कॉलेजचे विद्यार्थी अटलबिहारी वाजपेयी यांचे मराठी सर्वश्रुत आहे. उलट, ग्वाल्हेरात जन्मलेले प्रभाकर माचवे दोन्ही भाषांत लिहीत, आणि श्योपूरला जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले. देवघेव दोन्ही बाजूंनी चालू होती.

पुढे विद्या मुरारच्या जवळ आली. व्हिक्टोरिया कॉलेजास लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले त्याच १९५७ साली, गोला का मंदिर येथे माधव अभियांत्रिकी संस्था सुरू झाली. २३ मे १९६४ रोजी जिवाजी विद्यापीठ अस्तित्वात आले. खुद्द मुरारातही महाविद्यालये निघाली. पदवीसाठी परगावच्या विद्यापीठाकडे पाहण्याची गरज उरली नाही. ही गोष्ट निःसंशय आनंदाची. परंतु विद्या जवळ येत असतानाच मराठी दूर गेली. आजचा मराठी आडनावाचा मुलगा आजीशी मराठीत बोलतो आणि तिने लिहिलेले पत्र मात्र बाजूस ठेवतो.

यात हिंदीचा दोष नाही. दोष असलाच तर आम्हां शिक्षकांच्या एका गैरसमजाचा आहे. लिपी एकच, तेव्हा मुले मराठी आपोआप वाचतील, असे आम्ही धरून चाललो. आपोआप काहीच होत नाही. मात्र लिपी एकच असल्याने अर्धे काम आधीच झालेले आहे, हेही तितकेच खरे. आठवड्यातून एक तास, एक मराठी पुस्तक आणि ते मोठ्याने वाचून घेणारा कोणी वडीलधारा, एवढे साधन पुरे आहे. अकादमीच्या सभासदांनी आपल्या घरच्या ओसरीवर हा तास सुरू करावा, ही आमची विनंती आहे. परगावच्या परीक्षा देऊनही मराठी जपणाऱ्या पिढीचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.